नवा टायर वाकडा दिसतो तेव्हा



चिखलात, वाळूत आणि दगडधोंड्यांत चालणाऱ्या ट्रकचा नवा टायर जवळून पाहिला तर तो क्वचितच एकसारखा दिसतो. एक ठोकळा लांब, शेजारचा आखूड. एक खाच खोल, पुढची उथळ. कुठे रबराचे केस उभे, कुठे मधोमध एक बारीक रेघ. गुळगुळीत डांबरी रस्त्यावरच्या गाड्यांचे टायर पाहायची सवय असलेल्या माणसाला वाटते की या टायरमध्ये काहीतरी बिघाड आहे. पालकांपैकी ज्यांनी आपल्या जीपला जाड नक्षीचे टायर बसवले आहेत, त्यांनीही ही शंका मला विचारली आहे.

शंका योग्य आहे, पण तिचे उत्तर नजरेने देता येत नाही. मी सैन्यात ईएमई कोअरमध्ये वाहनांच्या दुरुस्तीचे काम केले. ही कोअर १९४३ मध्ये उभी राहिली आणि तोफेपासून ट्रकपर्यंत सैन्याची यंत्रे चालू ठेवणे हे तिचे काम. तिथे निर्णय दोन्ही बाजूंनी महाग पडतो. चांगला टायर खराब ठरवून परत पाठवला तर गाडी उभी राहते आणि तिच्यावर अवलंबून असलेली तुकडी अडते. खराब टायर चांगला समजून पुढच्या चाकाला बसवला तर घाटात, मागे जवान बसलेले असताना तो दगा देऊ शकतो. म्हणून 'मला वाटते' याला वर्कशॉपमध्ये किंमत नाही. शोध घ्यावा लागतो, आणि तोही क्रमाने.

नव्या टायरचा वाकडेपणा पाच ठिकाणांहून येऊ शकतो : नक्षीच्या आराखड्यातून, साठवणीतून, रिमवरच्या बैठकीतून, रिम किंवा हबमधून आणि शेवटी खुद्द टायरमधून. पहिली चार ठिकाणे तपासून बाजूला केल्याशिवाय पाचव्यावर बोट ठेवायचे नाही, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

हे समजायला एक उदाहरण घेऊ. एका ४×४ ट्रकसाठी पाच नवे नायलॉन टायर आले होते, चार चाकांचे आणि एक स्टेपनी. बसवून गाडी थोडी फिरवल्यावर ड्रायव्हरने तीन टायरबद्दल तक्रार लिहिली. पुढच्या डाव्या टायरचे ठोकळे असमान आहेत. पुढचा उजवा चालताना वरखाली उड्या मारतो. मागचा डावा बाजूला झुलतो. शेवटी शेरा होता : तिन्ही टायर परत करावेत. मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी हे तीन नव्हे, पाचही टायर तपासायला घेतले.

आराखडा : मुद्दाम ठेवलेली असमानता

टायर कसा बनतो हे माहीत असेल तर अर्ध्या शंका तिथेच मिटतात. कच्च्या रबराचे थर, दोऱ्यांचे कापड आणि तारांची कडा एकत्र जोडून आधी एक बिनक्षीचा टायर तयार करतात. तो पोलादी साच्यात ठेवून आतून दाब आणि उष्णता देतात. रबर मऊ होऊन साच्याच्या प्रत्येक खळग्यात शिरते आणि तिथेच पक्के होते. आत अडकलेली हवा बाहेर जावी म्हणून साच्याला सुईएवढी भोके असतात. त्यांत शिरलेले रबर म्हणजे नव्या टायरवरचे केस. साचा दोन किंवा अधिक तुकड्यांचा असतो. तुकडे जिथे मिळतात तिथे रबराची पातळ रेघ उमटते. केस आणि रेघ दोन्ही निरुपद्रवी आहेत. काही दिवस चालल्यावर ती झिजून जातात.

आता ठोकळ्यांकडे या. सगळे ठोकळे एकाच लांबीचे असते तर ते रस्त्यावर ठरावीक अंतराने आपटले असते आणि एकाच पट्टीतला मोठा गुणगुणाट ऐकू आला असता. तो विखुरण्यासाठी अनेक टायरवर दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे ठोकळे उलटसुलट क्रमाने मांडलेले असतात. खांद्यावरचे, म्हणजे कडेचे ठोकळे एक आड एक बाहेर काढलेले असतात, ते चिखलाच्या भिंतीला पकड मिळावी म्हणून. काही खाचांच्या तळाशी रबराचा छोटा पूल असतो, तो शेजारच्या ठोकळ्यांना वाकू देत नाही. काही खाचांत बारीक उंचवटे असतात, ते अडकलेला खडा बाहेर ढकलायला मदत करतात. झीज दाखवणाऱ्या पट्ट्याही खाचेच्या तळाशीच असतात. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांनुसार ट्रकच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. अर्थात, चिखलात चालणाऱ्या गाडीला नक्षी त्याच्या कितीतरी आधीच अपुरी पडू लागते.

म्हणजे कुठेही गेज टेकवून दोन आकडे वेगळे आले म्हणून टायर वाकडा ठरत नाही. तुलना सारख्याची सारख्याशी करायची : खांद्यावरच्या लांब ठोकळ्याची खांद्यावरच्याच लांब ठोकळ्याशी, मधल्या खाचेची मधल्याच खाचेशी, पूल आणि पट्ट्या टाळून. आम्ही प्रत्येक टायरच्या परिघाचे आठ समान भाग केले, खडूने १ ते ८ आकडे टाकले आणि प्रत्येक आकड्यापाशी डावा खांदा, मध्य आणि उजवा खांदा अशी खोली मोजली. पुढच्या डाव्या टायरचे आठही भाग एकमेकांशी जुळले. असमानता होती, पण ती पूर्ण परिघावर एकाच क्रमाने येत होती. जी असमानता ठरावीक क्रमाने परत परत येते, ती बहुतेक वेळा आराखड्याची असते. पहिली तक्रार इथे संपली.

साठवण : हवा भरल्याशिवाय आकार बोलत नाही

जमिनीवर पडलेला, हवा नसलेला टायर पाहून त्याच्या गोलाईबद्दल काही बोलू नये. एकावर एक रचलेल्या थप्पीत खालचा टायर चेपलेला असतो. भिंतीला टेकवून महिनोन्महिने उभा ठेवलेला लंबगोल होतो. नायलॉन टायर बसवून गाडी बरेच दिवस एकाच जागी उभी राहिली तर जमिनीला टेकलेला भाग सपाट होतो, आणि सकाळी निघताना स्टिअरिंगला धक्के जाणवतात. काही किलोमीटर चालून टायर गरम झाला की हा सपाटपणा सहसा निघून जातो. जो धक्का अंतराबरोबर कमी होत जातो तो साठवणीचा. जो कायम राहतो त्याचे कारण दुसरे.

नायलॉनचा आणखी एक स्वभाव आहे. गरम नायलॉन थंड होताना आकसतो. म्हणून कारखान्यात साच्यातून काढलेला टायर हवा भरलेल्या स्थितीत थंड करतात. उलट, नवा नायलॉन टायर गाडीवर बसवून हवा भरल्यावर पहिल्या काही तासांत थोडा फुगतो. म्हणून मापे घेण्याचा योग्य क्रम असा : ठरलेल्या दाबाची हवा भरा, एक दिवस जाऊ द्या, टायर थंड असताना दाब पुन्हा तपासा आणि मगच टेप हातात घ्या.

इथे बाजूच्या भिंतीबद्दल एक खूण लक्षात ठेवा. रेडियल टायरच्या भिंतीवर आतल्या कापडाची टोके जिथे एकमेकांवर येतात, तिथे उभी खोलगट रेघ दिसू शकते. ती सहसा दोष नसते. पण बाहेर आलेला फुगा हा नेहमी धोक्याचा इशारा असतो, कारण तिथे आतले दोर तुटलेले किंवा थर सुटलेले असू शकतात. खोलगट दिसले तर तपासा, फुगा दिसला तर गाडी थांबवा.

बैठक : रिमजवळची रेघ पाहा

टायरच्या आतल्या तारेच्या कडेला बीड म्हणतात. ती रिमवर सगळीकडे सारखी बसली तरच टायर गोल फिरतो. ती बसली की नाही हे कळावे म्हणून टायरच्या भिंतीवर, रिमच्या अगदी जवळ, एक बारीक गोल रेघ दिलेली असते. रिमच्या कडेपासून त्या रेघेचे अंतर पूर्ण परिघावर सारखे हवे. एका बाजूला रेघ आत दडली आणि समोरच्या बाजूला बाहेर आली, तर बीड एका बाजूला खाली अडकली आहे. कारणे साधी असतात : रिमवर गंज किंवा जुने रबर चिकटलेले, वंगण न लावता टायर चढवलेला, ट्यूबचा फ्लॅप मुडपलेला.

पुढच्या उजव्या टायरची रेघ एका ठिकाणी रिमपासून ७ मिलिमीटरवर होती, तर बरोबर समोर १२ मिलिमीटरवर. उड्या मारण्याचे कारण तिथेच होते. पूर्ण हवा काढली, टायर उतरवला, रिम घासून साफ केली, बीडला टायर चढवण्याचे वंगण लावले आणि पिंजऱ्यात ठेवून पुन्हा हवा भरली. रेघ सगळीकडे सारखी आली, उड्या थांबल्या. या टायरमध्ये काहीही दोष नव्हता.

रिम आणि हब : दोष कुणाबरोबर फिरतो?

बैठक ठीक असूनही चाक झुलत असेल तर आता दोन संशयित उरतात, टायर आणि रिम. हब धरला तर तीन. कोण दोषी हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना ठोकळे लावून, जॅक आणि त्याखाली भक्कम स्टँड. जमिनीवर एक स्थिर खूणकाठी अशी ठेवायची की तिचे टोक टायरच्या भिंतीला अगदी थोडे अंतर सोडून असेल. मग चाक हाताने सावकाश फिरवायचे. टोक आणि टायर यांतले अंतर जिथे सर्वांत कमी होते, तिथे टायरवरही आणि रिमवरही खडूची खूण करायची. नक्षीसमोर टोक ठेवले तर वरखाली होणे कळते, भिंतीसमोर ठेवले तर बाजूला झुलणे.

आता एकच गोष्ट बदलायची. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायचा आणि पुन्हा मोजायचे. झुकलेली जागा टायरवरच्या खुणेबरोबर गेली तर दोष टायरचा. ती रिमवरच्या खुणेपाशीच राहिली तर टायर निर्दोष. मग तेच चाक दुसऱ्या हबवर लावून पाहायचे. झोल चाकाबरोबर गेला तर रिम, जुन्या जागीच राहिला तर हब किंवा बेअरिंग. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर झोल गेला तरी तो कशामुळे गेला हे कधीच कळत नाही. प्रयोगशाळेत तुम्हाला जे शिकवतात तेच हे आहे.

मागच्या डाव्या चाकाचा झोल टायर फिरवला तरी रिमच्या खुणेशीच राहिला, आणि दुसऱ्या हबवर रिमबरोबरच गेला. रिम जुनी होती, कधीतरी दगडावर आपटून वाकली होती. झोल किती चालतो, ती मर्यादा वाहनाच्या आणि टायरच्या पुस्तिकेत दिलेली असते. ही रिम त्या मर्यादेबाहेर होती. ती बदलली आणि तोच टायर नव्या रिमवर सरळ फिरला.

खुद्द टायर : ज्याची तक्रारच नव्हती

तिन्ही तक्रारी मिटल्या होत्या. उरले मागचा उजवा टायर आणि स्टेपनी. मागचा उजवा ठीक निघाला. स्टेपनीवर मात्र खडूच्या ५ आणि ६ आकड्यांपाशी एका खांद्याची खोली १८ मिलिमीटर भरली, बाकी सहा ठिकाणी त्याच जागी २१. शिवाय त्या भागातल्या ठोकळ्यांचे कोपरे गोल होते आणि पृष्ठभाग गुळगुळीत चकचकीत, साच्याचा पोत त्यावर उमटलेलाच नव्हता. तिथे रबर साच्याच्या तळापर्यंत पोहोचले नव्हते. ही असमानता क्रमाने परत येणारी नव्हती, एकाच जागी होती. हवा, बैठक आणि रिम तपासूनही ती बदलली नाही. पाचांपैकी परत करण्याजोगा टायर हाच होता, आणि पुरवठादाराने तो बदलून दिला.

स्टेपनी गाडीखाली टांगलेली असल्याने ती झुलत नाही, उड्या मारत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते. तपासणी तक्रारीपुरती मर्यादित ठेवली असती तर हा टायर पहिल्या पंक्चरनंतर थेट चाकावर चढला असता.

खुद्द टायरचे दोष ओळखायच्या खुणा अशा : बाहेर आलेला फुगा, खाचेच्या तळाशी दिसणारे दोर, साच्याच्या जोडरेषेवर बोटाला स्पष्ट लागणारी पायरी, न भरलेले गोल ठोकळे, सुटलेला थर. यांपैकी काही दिसले तर टायर चालवून पाहू नये.

काही मिलिमीटरने काय बिघडते?

गणिताच्या वहीत हा हिशेब करून पाहा. टायरचा व्यास सुमारे १.१ मीटर धरू. परीघ झाला सुमारे ३.४६ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला साधारण २९० फेरे. दुसऱ्या टायरचा व्यास फक्त १० मिलिमीटरने जास्त असेल तर त्याचा परीघ ३१.४ मिलिमीटरने वाढतो. २९० फेऱ्यांत हा फरक सुमारे ९ मीटर होतो. दर किलोमीटरला ९ मीटर.

४×४ ट्रकमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडून चालवला तर हे ९ मीटर कुठेतरी जायला हवेत. चिखलात चाक घसरून ते जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक सहज घसरत नाही, मग तो ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो आणि टायर घासले जातात. मागे जोडचाके असलेल्या बसमध्ये मोठ्या व्यासाचा टायर जास्त भार उचलून तापतो आणि लहान घासत राहतो. म्हणून एका गाडीवर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे टायर ठेवतात.

चालल्यानंतर उमटणारा वाकडेपणा

नवा टायर सरळ होता आणि पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये वाकडा झाला, तर तो गाडीबद्दल काही सांगत असतो. दोन्ही खांदे झिजले, मध्य शाबूत : हवा कमी. मध्य झिजला, खांदे शाबूत : हवा जास्त. एकच खांदा झिजला : चाकाचा कल किंवा किंगपिनची बुशिंग तपासा. तळहात नक्षीवर आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर पुढच्या चाकांची दिशा जुळलेली नाही, म्हणजे अलाइनमेंट बिघडले आहे. मध्येमध्ये वाटीसारखे खळगे पडले तर शॉकअब्सॉर्बर, बेअरिंग आणि बॅलन्सिंग पाहा.

जाड ठोकळ्यांच्या टायरवर करवतीच्या दातांसारखी झीज हमखास दिसते. ठोकळ्याची एक कडा उंच, दुसरी खाली. डांबरी रस्त्यावर प्रत्येक सुटा ठोकळा वाकतो आणि जमीन सोडताना घासतो, त्यामुळे असे होते. पुस्तिकेप्रमाणे वेळेवर टायरच्या जागा बदलल्या तर ही झीज आटोक्यात राहते. भिंतीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पाळायचा. सैन्यात गाडी निघण्यापूर्वी फर्स्ट परेड होते. तेव्हा ड्रायव्हर टायरवर हात फिरवतो तो याचसाठी.

एक इशारा

वर सांगितलेल्यापैकी खडू, गेज आणि टेपचे काम तुम्ही करू शकता. टायर उतरवणे आणि हवा भरणे हे काम मात्र शिकलेल्या माणसाचेच. ट्रकच्या अनेक रिमना लॉक रिंग असते. ती नीट न बसता हवा भरली तर रिंग तोफगोळ्यासारखी उडते आणि समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने आणि बाजूला उभे राहून हवा भरतात. हवा भरलेली असताना रिंगवर कधीही हातोडी मारत नाहीत. बैठक चुकली असेल तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, मगच रिमला हात लावायचा. हवा गेलेल्या स्थितीत धावलेला टायर उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही.

तक्रार कशी लिहावी

टायर परत करायचा असेल तर नोंद अशी हवी : टायरचे माप, अनुक्रमांक आणि भिंतीवरचे चार आकडे. यांतले पहिले दोन म्हणजे आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. त्यानंतर थंड असतानाचा दाब, किती किलोमीटर चालला, आठही ठिकाणची खोली, रिमजवळच्या रेघेचे अंतर, आणि टायर रिमवर फिरवल्यावर काय दिसले. पालकांनी दुकानात जाताना एवढी नोंद आणि दोन फोटो बरोबर न्यावेत. 'टायर वाकडा आहे' या वाक्यावर दुकानदार वाद घालू शकतो. 'पाचव्या आणि सहाव्या खुणेपाशी उजवा खांदा ३ मिलिमीटरने उथळ, दाब बरोबर, बैठक बरोबर, रिम बदलूनही तसाच' यावर वाद घालायला त्याला स्वतःची मापे आणावी लागतील.